पट, मुलूख आणि शीव : सातारा-सांगलीच्या इतिहासातील एका रूपकाची चिकित्सा

मराठीतील राजकीय इतिहासाची परिभाषा बुद्धिबळाच्या पटावर किती प्रमाणात उभी आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. एका सरदाराने दुसऱ्यास ‘शह’ दिला, त्याला ‘काटशह’ मिळाला, अमक्याने तमक्यावर ‘मात’ केली, कोणी कोणाच्या हातचे ‘प्यादे’ ठरले, ही वाक्ये शालेय पाठ्यपुस्तकापासून संशोधनपर ग्रंथापर्यंत सर्वत्र आढळतात. रूपक रूढ झाले की ते रूपक राहत नाही, कोशातला अर्थ होऊन बसते, असे नेहमी सांगितले जाते. परंतु मृत रूपकही आपले काम करीतच असते. मुलूख म्हणजे घरांचा पट, सत्ता म्हणजे मोहऱ्यांची मांडणी आणि राज्यविस्तार म्हणजे घरे बळकावणे, ही धारणा या परिभाषेबरोबर वाचकाच्या मनात उतरते. तिची चिकित्सा करण्यासाठी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांइतका योग्य प्रदेश दुसरा क्वचितच सापडेल. मराठी राज्याचा राजा साताऱ्यास होता. पटवर्धनांची संस्थाने मिरज-सांगलीस होती. मराठ्यांच्या इतिहासाची मूळ कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर बाहेर आली तीही येथूनच. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला तो वाईस सापडलेल्या दप्तरावरून, आणि वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस शिक्षकी करता करता पटवर्धन दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. शिवाय महाराष्ट्रात बुद्धिबळाची जी काही संघटित परंपरा आहे तीत सांगलीचे स्थान वरचे आहे.

सोस्यूरने भाषेची संरचना स्पष्ट करताना बुद्धिबळाचा दृष्टान्त घेतला, हे १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्याख्यानांच्या वाचकांना ठाऊक आहे. मोहऱ्याचे मूल्य त्याच्या द्रव्यात नसून पटावरील इतर मोहऱ्यांशी असलेल्या संबंधात असते. आणि डावाच्या कोणत्याही क्षणी पटावरची स्थिती समजून घेण्यासाठी ती कशी आली हे जाणण्याची गरज नसते. भाषेचा एककालिक अभ्यास शक्य आहे हे ठसविण्यास दृष्टान्त उपयुक्त ठरला. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो विलक्षण अडचणीचा आहे, कारण त्यात स्थितीला भूतकाळच राहत नाही. ज्या रूपकाचे मर्म भूतकाळाची अनावश्यकता हे आहे, ते रूपक भूतकाळाच्या लेखनात मध्यवर्ती व्हावे, ही विसंगती आहे.

अर्थात सोस्यूरच्या समोर होते ते युरोपीय बुद्धिबळ. (त्यातही किल्लेकोटाचा हक्क राजा आधी हलला आहे की नाही यावर अवलंबून असतो, म्हणजे दृष्टान्त तेथेही पूर्णांशाने लागू पडत नाही, पण ते असो.) विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत महाराष्ट्रात जो खेळ खेळला जाई त्याचे नियम वेगळे होते. प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे चालण्याची मुभा नव्हती. राजाला डावात एकदाच घोड्याची उडी मारता येई, पण बहुतेक ठिकाणी तोवर त्याला शह बसलेला नसला पाहिजे अशी अट असे. म्हणजे एकदा शह बसला की राजाचा एक हक्क कायमचा गेला. पटाकडे पाहून ते कळत नाही, आठवणीत ठेवावे लागते. याहून लक्षणीय नियम प्याद्याच्या बढतीचा. युरोपीय खेळात शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे खेळणाऱ्याच्या इच्छेनुसार कोणताही मोहरा होते, आणि इच्छा बहुधा वजिराचीच असते. देशी खेळात ते ज्या पट्टीत पोहोचले त्या पट्टीच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई. हत्तीच्या पट्टीत हत्ती, उंटाच्या पट्टीत उंट. अनेक ठिकाणी तर ती जागा रिकामी झालेली असल्याखेरीज, म्हणजे तो मोहरा आधी मेलेला असल्याखेरीज, बढतीच मिळत नसे.

या नियमात वतनसंस्थेचे प्रतिबिंब पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. जागा ठरलेली, जागेचे नाव ठरलेले, माणूस बदलतो. आणि आधीचा गेल्याशिवाय नव्याला शिरकाव नाही. पण हे साम्य कार्यकारणाचे मानता येणार नाही. तसा नियम वतनी पद्धती नसलेल्या प्रांतांतही होता. एवढेच म्हणता येईल की ज्या समाजात असा खेळ रंगत होता, त्याला हा नियम विचित्र वाटला नाही. ‘बुर्जी’चा नियमही तसाच. प्रतिपक्षाचे सर्व मोहरे मारले आणि नुसता राजा उरला, तर डाव जिंकला असे न होता तो बरोबरीत सुटे. म्हणून जिंकणाऱ्याला शत्रूचा एखादा मोहरा मुद्दाम जिवंत ठेवून मात करावी लागे; प्याद्याने केलेली मात, प्यादेमात, सर्वांत मानाची. संपूर्ण निःपात म्हणजे विजय नव्हे, हे या खेळाचे व्याकरण आहे. त्याची नोंद घेतल्याशिवाय मराठी राजकारणाला ‘बुद्धिबळाचा डाव’ म्हणणारे लेखक प्रत्यक्षात कोणत्या बुद्धिबळाविषयी बोलत असतात, हा प्रश्न उरतोच. बहुतेक वेळा ते युरोपीय खेळाविषयी बोलत असतात आणि त्यांना त्याची जाणीव नसते.

या खेळाचा दक्षिणेतील लिखित इतिहास जुना आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांमध्ये चतुरंगाचे वर्णन येते. नीलकंठभट्टाच्या ‘नीतिमयूखा’त, म्हणजे राजनीतीच्या ग्रंथात, बुद्धिबळाचे नियम आहेत, खेळाला राजनीतीच्या शेजारी बसविण्याची सवय तितकी जुनी. त्रिवेंगडाचार्यांच्या ‘विलासमणिमंजरी’चे इंग्रजी रूपांतर १८१४ साली मुंबईत छापले गेले, तेव्हा पेशवाई संपण्यास चार वर्षे उरली होती. मराठीने ‘चतुरंग’ हे सैन्यवाचक नाव मागे टाकून ‘बुद्धिबळ’ हे नाव स्वीकारले, ही गोष्टही दुर्लक्षिण्याजोगी नाही. नावातून सेना गेली, पटावर मात्र हत्ती, उंट, घोडे राहिले. सह्याद्रीच्या युद्धाशी उंट आणि हत्ती यांचा संबंध तो किती! ज्या प्रदेशात रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने १७१५ साली दुर्गांना राज्याचे सार मानले, त्या प्रदेशाच्या खेळात दुर्ग नाही. युरोपात हत्तीचा बुरूज झाला. आपल्याकडे हत्ती हत्तीच राहिला. ‘किल्लेकोट’ ही संज्ञा मराठी पटावर आली ती युरोपीय नियमांबरोबर. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी खेळणाऱ्याला आपल्या पटावर किल्ला बांधण्याची मुभा विलायतेहून आलेल्या नियमाने मिळाली.

पटावर आणखीही एक भेद असतो आणि मराठी सत्तेच्या संदर्भात तो फार उपयोगाचा आहे. घर व्यापणे वेगळे आणि घर माऱ्यात असणे वेगळे. कुशल खेळाडू घरे व्यापत नाही. ती माऱ्यात ठेवतो, आणि शत्रूला तेथे पाऊल टाकणे महाग करतो. १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, त्यांतून निर्माण झालेली सत्ता या दुसऱ्या प्रकारची होती. मुलूख मोगलांचा, सुभेदार मोगलांचा, आणि त्या मुलखाच्या उत्पन्नाचा एक भाग साताऱ्याच्या छत्रपतींचा. नकाशावर रंग भरून ही सत्ता दाखविता येत नाही. भरावयाचा तर एकाच गावावर दोन-तीन रंग चढवावे लागतील.

युरोपात याच शतकात खेळाची दिशा नेमकी उलट होती. ब्रन्सविकच्या हेल्विगने १७८० साली बुद्धिबळाचा विस्तार करून जो युद्धखेळ रचला, त्यात घरांना भूमीचे गुण दिले. डोंगर, पाणी, दलदल यांना निरनिराळे रंग. पुढे १८२४ साली प्रशियात राइसविट्झ यांचा युद्धखेळ सैन्याच्या शिक्षणात आला आणि चौकटींच्या जागी प्रत्यक्ष नकाशा आला. १९९१ साली निघालेल्या ‘सिव्हिलायझेशन’सारख्या संगणकीय खेळांपर्यंत आणि काल्पनिक राज्यांच्या, चेटकी-राक्षसांच्या आजच्या व्यूहखेळांपर्यंत हीच परंपरा येते. नकाशा आरंभी काळोखात असतो, आपले पथक पुढे सरकेल तसा तो उजळतो, आणि जिंकलेल्या प्रदेशाभोवती आपल्या रंगाची अखंड रेषा उमटते. प्रदेशाचा मालक एका वेळी एकच, रेषा अखंड, आणि रेषेच्या आत जे आहे ते साधनसंपत्ती म्हणून मोजता येण्याजोगे. हे खेळ अद्भुताचे कपडे घालतात, परंतु त्यांची मालकीविषयक कल्पना एकोणिसाव्या शतकातील मोजणी खात्याची आहे. दलझ आणि ग्वातारी यांनी १९८० साली बुद्धिबळ हा राज्यसंस्थेचा खेळ आणि चिनी-जपानी ‘गो’ हा भटक्या युद्धयंत्रणेचा खेळ अशी जी विभागणी केली, ती आकर्षक आहे. पण तीतही देशी बुद्धिबळाला जागा नाही, आणि चौथाईला तर नाहीच.

रूपकाची खरी परीक्षा राजाच्या मोहऱ्यावर होते. पटावर राजा दुबळा असतो, पण त्याच्यावाचून डाव नाही. तो अडकला की सर्व संपते. साताऱ्याचा इतिहास या नियमाला पदोपदी धुडकावतो. १७०८ च्या जानेवारीत शाहूंचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला. १७४९ च्या डिसेंबरात ते वारले. पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या कराराने राज्यकारभाराची सूत्रे पेशव्यांकडे गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत ठेवले. म्हणजे राजा आपल्याच घरच्या मोहऱ्याने कोंडला, आणि डाव मात्र आणखी अडुसष्ट वर्षे चालू राहिला; अटकेपर्यंत गेला, पानिपतावर गेला. १८१८ मध्ये तर रूपक हास्यास्पद व्हावे असा प्रसंग घडला. दुसरा बाजीराव पळत असताना छत्रपती प्रतापसिंहांना बरोबर घेऊन हिंडत होता. फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. खेळाच्या भाषेत राजा पकडला गेला. इंग्रजांनी त्याला पटाबाहेर न काढता उलट साताऱ्याच्या गादीवर बसविले आणि २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने नीरा-भीमेपासून वारणा-कृष्णेपर्यंत, सह्याद्रीपासून पंढरपूर-विजापुरापर्यंत मुलूख त्याच्या नावे केला.

त्या वेळी साताऱ्यास असलेला रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ. राज्याची घडी बसविणारा हाच गृहस्थ मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक. त्याचा ग्रंथ १८२६ साली प्रसिद्ध झाला. खेळाडूनेच डावाची टिपणे लिहावीत असा हा प्रकार आहे. मराठी इतिहासलेखनाने ग्रँट डफच्या तपशिलांशी आणि निष्कर्षांशी पुष्कळ वाद घातला, आणि तो आवश्यकही होता. परंतु वर बसून पट पाहण्याची जी दृष्टी त्याच्या लेखनात आहे, तिच्याशी वाद घातला गेला नाही. ती दृष्टी त्याच्या विरोधकांनीही आपलीशी केली. १८३९ साली प्रतापसिंह पदच्युत होऊन काशीस गेले, १८४७ साली तेथेच वारले. त्यांचे भाऊ शहाजी १८४८ च्या एप्रिलात निवर्तले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केले. प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी यांनी या काळात चौदा वर्षे लंडनमध्ये राहून हक्कांसाठी दाद मागितली. ज्या पटाचे नियम प्रतिपक्षच ठरवितो आणि डावाच्या मध्ये बदलतो, तेथे ‘शह’ आणि ‘मात’ या शब्दांना काय अर्थ उरतो?

अवधच्या १८५६ मधील विलीनीकरणावर प्रेमचंदांनी १९२४ साली कथा लिहिली आणि सत्यजित राय यांनी १९७७ साली चित्रपट केला. दोहोंत बुद्धिबळ आहे, पण ते राजकारणाचे रूपक म्हणून सरळ येत नाही. खेळात बुडालेली माणसे बाहेरचा मुलूख जाताना पाहतसुद्धा नाहीत, हा तेथील उपरोध आहे. पट हा राजकारणाची प्रतिमा नव्हे, तर राजकारणापासून पळण्याची जागा आहे. साताऱ्याचे विलीनीकरण अवधच्या आठ वर्षे आधीचे. मराठीत त्यावर असा उपरोध का निर्माण झाला नाही, याचे एक कारण असे दिसते की मराठी लेखकाला पटाची प्रतिमा फार प्रतिष्ठेची वाटत आली. नाना फडणिसांचे शहाणपण सांगावयाचे तर पट हवा, बारभाईंचे कारस्थान सांगावयाचे तर पट हवा. सांगलीत जन्मलेल्या कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त (१९०९) कारस्थानाची गती आहे, पण तेथे रामशास्त्री न्यायाच्या बाजूने उभे राहतात, आणि न्याय ही गोष्ट पटावर नसते. म्हणून ते नाटक रूपकाच्या बाहेर जाते. (याच खाडिलकरांच्या पणत्या वासंती, जयश्री आणि रोहिणी यांनी पुढे खऱ्या पटावर नाव मिळविले, १९७४ सालचे महिलांचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद वासंती खाडिलकर यांचे.) तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने (१९७२) प्यादे ही कल्पना उलटी केली. बढती मिळालेले प्यादे वापरून झाल्यावर लोकांच्या हवाली केले जाते, आणि ज्यांनी पटाची घरे व्हावयाचे तीच माणसे रंगमंचावर ओळीने भिंत होऊन उभी राहतात. ऐतिहासिक कादंबरीने मात्र, काही सन्मान्य अपवाद वगळता, पट निमूटपणे स्वीकारला.

पटाच्या रूपकात घर रिकामे असते. ते व्यापले जाते, सोडले जाते. स्वतः काही करीत नाही. कृष्णा-वारणेच्या खोऱ्याची प्रत्यक्ष रचना या कल्पनेच्या अगदी उलट होती. सांगली संस्थानाचे सहा तालुके होते : मिरजप्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी. त्यांतील शहापूर बेळगावला खेटून, तर शिरहट्टी पार धारवाडकडे. औंध संस्थानाची गावेही अशीच विखुरलेली. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, भोवती ब्रिटिश मुलूख. नकाशाची आवड असणाऱ्याला ही गोधडी दिसते आणि तिला तो अव्यवस्था म्हणतो. १९४२ नंतर याच गोधडीने इतिहास घडविला. सप्टेंबर १९४२ मध्ये तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूज आणि इस्लामपूर येथे गोळीबारात माणसे मेली. त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ पासून १९४६ पर्यंत जे प्रतिसरकार चालले, त्याचे एक मोठे ठाणे कुंडल. कुंडल औंधाचे असल्यामुळे ब्रिटिश पोलिसांच्या हालचालीला तेथे अडथळा येई, आणि औंधात १९३९ पासून गावपंचायतींच्या पायावरची राज्यघटना अमलात होती. जी. डी. बापू लाड यांची तुफान सेना, नागनाथअण्णा नायकवडींचे वाळवे, ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ लुटलेली पगाराची गाडी, या गोष्टी सुपरिचित आहेत. त्यांहून महत्त्वाची गोष्ट अशी की प्रतिसरकारने मुलूख ‘जिंकला’ नाही. मामलेदार होता, तार होती, चौकी होती. फक्त गावांनी आपले तंटे तेथे न नेता स्वतःच्या न्यायमंडळापुढे नेले, लग्ने कर्जाविना लावली, दारूच्या गुत्त्यांना आणि गावगुंडांना आवर घातला. पत्री ठोकण्याच्या शिक्षेतील क्रौर्य झाकण्याचे कारण नाही, ते त्या सत्तेचा भागच होते. पण ही सत्ता पटाच्या भाषेत मांडताच येत नाही, कारण येथे घरांनीच खेळण्यास आरंभ केला होता.

स्वातंत्र्यानंतर गोधडी उसवली गेली. संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ रोजी सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० साली दक्षिण सातारा ‘सांगली’ झाला. प्रतिसरकारचा मुलूख अशा रीतीने दोन जिल्ह्यांत वाटला गेला. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने या सुमारास नव्या, आंतरराष्ट्रीय नियमांची पिढी घडविण्यास सुरुवात केली होती. भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्यापर्यंत ती परंपरा येते. बुर्जी आणि राजाची घोडउडी हळूहळू वृद्धांच्या बोलण्यापुरती उरली.

वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ सालची. तिचा आरंभ जोगणीच्या प्रसंगाने होतो. शेजारच्या शिगावची जोगणी वाटेगावचा राणोजी हिसकावून आणतो. नियम असा की जोगणी घेऊन माणूस आपल्या गावच्या शिवेत पोहोचला तर तिचा मान त्या गावाचा. शिवेअलीकडे सापडला तर मरण. हाही मुलखाचा खेळच आहे. त्याला नियम आहेत, डाव आहे, जिंकणे-हरणे आहे, आणि पणाला लावलेली वस्तू म्हटली तर क्षुल्लक आहे. पण येथे खेळणारा आणि मोहरा एकच. राणोजीला कोणी वरून उचलून ठेवलेला नाही. गावच्या मानासाठी तो स्वतः धावतो आणि स्वतः मरतो. त्याच्या जातीला त्या गावाने गावकुसाबाहेर ठेवलेले आहे, हे कादंबरीकार क्षणभरही विसरत नाही. ज्या गावात राहण्यास जागा नाही त्या गावाची शीव राखण्याचे काम आणि तिच्यासाठी मरण्याचा हक्क मात्र मांगवाड्याकडे. पुढे राणोजीचा मुलगा फकिरा दुष्काळात धान्य लुटून भुकेल्यांना वाटतो, सरकारी खजिना लुटतो, आणि आप्तांना वेठीस धरले गेल्यामुळे अखेर सरकारच्या स्वाधीन होतो. समीक्षेने या कादंबरीचा विचार बहुधा वीरकथा किंवा विद्रोहकथा म्हणून केला. जोगणीचा प्रसंग तीत लोकरूढीचे चित्रण म्हणून बाजूला पडला. वस्तुतः मुलूख म्हणजे काय, याविषयीची या प्रदेशातील एक सर्वस्वी वेगळी कल्पना त्याच प्रसंगात आहे. शीव तेथे नकाशावरील रेषा नसून धावणाऱ्या माणसाला दिसणारी झाडे, ओढा आणि दगड आहे. ती ओलांडली की नाही याचा निवाडा दोन्ही गावांच्या साक्षीने होतो, आणि तो निवाडा पुढच्या पिढीला वारशाने मिळतो.